चार जीव आणि एक सवाल



आमच्या वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाला मी उठाबशा काढायला लावत नाही. तो दारात उभा राहिला की एवढंच विचारतो, "बोला हुदहुदमियाँ, कुठल्या सबाहून खबर आणलीत?" वर्ग हसतो, तोही हसत जागेवर जाऊन बसतो. हजरत सुलैमान (अलै.) यांनी पक्ष्यांची हजेरी घेतली तेव्हा हुदहुद गैरहजर होता आणि मग तो सबाच्या राणीची पक्की खबर घेऊन आला, हा सूरह नम्लमधला किस्सा आमच्या मुलांना तोंडपाठ आहे.

गेल्या थंडीत असाच एक सहावीतला मुलगा उशिरा आला. मी नेहमीचा सवाल टाकला. तो जागेवर गेला नाही. दारातूनच त्यानं विचारलं, "सर, हुदहुद खरा असतो का? का नुसता किश्शातच?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. पक्षी खरा आहे हे मला ठाऊक होतं. पण जो पक्षी आपल्या घरामागच्या मोकळ्या रानात उतरतो तो मुलांना किश्शातला वाटावा, ही चूक मुलांची नव्हती. वर्षानुवर्षं मी शब्द शिकवत आलो, पण त्या शब्दाचा धनी कुठं राहतो हे कधी दाखवलंच नाही.

त्याच रात्री मी अबू दाऊदमधली एक हदीस काढून वाचली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. पैगंबर (स.) यांनी चार जीवांना मारायला मनाई केली: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ही चार नावं लिहिली. मुंगी आणि मधमाशी सगळ्यांच्या ओळखीच्या. हुदहुद किश्शातून ओळखीचा. सुरद मात्र कुणालाच माहीत नव्हता. खरं सांगायचं तर मलाही लुगत उघडावी लागली होती. उर्दूत त्याला 'लटोरा' म्हणतात. लटोराही कुणाला कळेना. म्हणून मराठी नाव सांगितलं, खाटीक. त्यासरशी वर्गात एकच गलका झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मटणाचं दुकान आहे, उभा राहून म्हणाला, "सर, म्हणजे आमच्या बिरादरीचा!"

मग ठरलं. येत्या रविवारी फजरनंतर पंचगंगेच्या काठानं चालायचं आणि फळ्यावरचे चारही जीव एका सकाळी शोधायचे. घरच्यांची परवानगी आणलेली अकरा मुलं, मुलींसोबत आमच्या शाळेच्या एक आपा, आणि एका मुलीची दादी. दादींना बोलावलं नव्हतं. "पोरगी नदीवर चाललीय, मी काय घरात बसू?" असं म्हणत त्या भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या.

जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. फजर आणि उजाडणं यांच्यामधला तो गार, धुरकट वेळ पक्ष्यांचा असतो. वडापनं आम्ही प्रयाग चिखलीला उतरलो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि ऊसतोडीच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पंचगंगा हे नाव ज्या नद्यांवरून पडलं त्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती, ती गुप्त, असं लोक मानतात. या सगळ्यांचं पाणी चिखलीच्या संगमावर एक होतं आणि इथून पुढं नदी पंचगंगा म्हणून वाहते. कोल्हापूरला वळसा घालून, इचलकरंजीवरून, नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. भोगावतीचं पाणी येतं ते राधानगरीकडून, शाहू महाराजांनी ज्या धरणाचं काम सुरू केलं तिथून. मुलांना हे भूगोलात शिकवलं होतं. पण संगमावर उभं राहिल्यावर एकानं विचारलं, "सर, यातली कासारी कुठली?" नकाशा आणि नदी यांच्यात किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं.

पहिला अर्धा तास मी मुलांना फक्त गप्प बसायला सांगितलं. वर्गातही न जमणारी ही गोष्ट काठावर मात्र जमली, कारण धुकं विरळ होताच समोर दुकान मांडल्यासारखे पक्षी दिसू लागले. पाण्यातल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून उन्हाची वाट बघत होता. त्याची पिसं भिजतात, म्हणून बुडी मारून झाली की त्याला ती अशी वाळवावी लागतात. चिखलाच्या कडेनं तुतवार शेपटी खालीवर हलवत पळत होता. नदी सुरय पाण्यावरून संथ घिरट्या घालत होता, मध्येच थांबून मासळीवर झेप घेत होता. आणि दगडादगडावर नाचणारा तो करडा-पिवळा धोबी. आमच्याकडं काही लोक त्याला परीट म्हणतात. मी मुलांना म्हटलं, "उर्दूत हाच ममोला." आठवीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "हा ममोला? एवढासा?" शेरोशायरीतून ऐकलेला ममोला तिनं मनात केवढा तरी मोठा करून ठेवला होता. हा करडा धोबी थंडीपुरता आपल्याकडं येतो, हिमालयाच्या बाजूनं. ऊन तापायला लागलं की परत जातो. पासपोर्ट नाही, सामान नाही, मूठभर वजनाचा जीव. सूरह मुल्कमध्ये डोक्यावरून पंख पसरत आणि मिटत जाणाऱ्या पक्ष्यांकडं बघा असं सांगितलं आहे, ते आम्ही तिथं बसून एकदा आठवलं.

सुरद आधी सापडला. बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याला चिमणीहून मोठा, लांब शेपटीचा, राखी-तांबूस पक्षी बसला होता. डोळ्यांवरून काळी पट्टी, जणू कुणी चोराचा वेश केला आहे. चोच घारीसारखी टोकाला वाकलेली. आम्ही जवळ गेलो तसा उडाला. मग मुलांनी बाभळीचा काटा न काटा तपासला, आणि खरोखर एका काट्यात टोळ खोचून ठेवलेला सापडला. खाटीक हे नाव का, हे सांगायची गरजच उरली नाही. हा पक्षी टोळ, सरडे, उंदराची पिल्लं पकडतो आणि पायांत पुरेसं बळ नसल्यानं काट्याला अडकवून फाडून खातो. उरलेलं नंतरसाठी तसंच टांगून ठेवतो. शेतकऱ्याचं पीक खाणारे टोळ हा फुकटात कमी करतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करतो, म्हणून त्याला नकल्या खाटीक असंही नाव आहे. आमचा तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी बराच वेळ त्या काट्याकडं बघत होता. म्हणाला, "सर, ह्याच्या दुकानाला लायसन लागत नाही."

मुंग्या शोधाव्या लागल्या नाहीत. बांधावर एके ठिकाणी भुशाचं गोल कडं दिसलं, मध्ये बीळ. मुंग्या गवताचं बी आत नेतात, फोलपटं बाहेर आणून टाकतात. भाताची मळणी करून भुसा खळ्याच्या कडेला सारावा तसं. एका मुलानं पाय उचलला होता, तो दुसऱ्यानं धरला. "सूरह नम्लमध्ये काय झालं, विसरलास?" सुलैमान (अलै.) यांचं लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना बिळात जायला सांगते, आणि पैगंबर तिचं बोलणं ऐकून हसतात. एवढं मोठं लष्कर एका मुंगीसाठी थांबू शकतं, तर सहावीच्या मुलाचा पाय का थांबू नये? मी काही बोललो नाही. मुलांनीच ते प्रकरण मिटवलं.

आंबेवाडीच्या अलीकडं एक गुऱ्हाळ चालू होतं. चिपाडाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास लांबवर येत होता. "या मास्तर, पोरं घेऊन कुठं निघालाय? रस घ्या," म्हणून मालकांनी बोलावलं. आत काहिलीत रस खदखदत होता, वर आलेली मळी एकजण झाऱ्यानं काढत होता. गुळव्या मात्र रसाच्या रंगावर आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांवर नजर ठेवून उभा. गूळ कधी उतरवायचा हे तोच सांगणार, घड्याळ नव्हे. आणि रसाच्या पिंपाभोवती, सांडलेल्या काकवीवर, जिकडं बघावं तिकडं मधमाश्या. मुलं घाबरली, तसे मालक म्हणाले, "तुम्ही त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या तुमच्या वाटेला येत न्हाईत." ज्या माशीच्या नावानं कुरआनात सूरह नह्ल आहे, ती इथं गुऱ्हाळावर आमच्यासोबत नाश्ता करत होती. दादींनी भाकरी काढली, मालकांनी गरम गूळ दिला. मुलांच्या वहीत तीन नावांपुढं खूण झाली. राहिला हुदहुद.

"आजही गैरहजर," असं म्हणत आम्ही शहराच्या दिशेनं निघालो.

चालता चालता नदी बदलू लागली. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पायांनी कळतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच चिखली-आंबेवाडीला पाण्यानं वेढलं होतं. काठावरच्या झाडांच्या उंच फांद्यांना चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अजून लटकलेल्या होत्या, आमच्या डोक्याच्याही खूप वर. एका मुलीला वाटलं ती घरटी आहेत. नदीनं आपण टाकलेलं आपल्याला दाखवायला वर बांधून ठेवलं होतं.

शिवाजी पूल ओलांडून घाटाच्या बाजूला आलो तेव्हा ऊन चढलं होतं. शहर लागलं की जयंती आणि दुधाळी नाल्यांचं पाणी नदीला मिळतं. जयंती ही खरं तर नदी. आपण तिला नाला म्हणतो, आणि म्हणता म्हणता तिचा नालाच करून टाकला. काठाला केंदाळ माजलेलं. ही जलपर्णी सांडपाण्यातल्या खतावरच पोसते आणि पाण्यावर हिरवं झाकण घालते. एका उथळ जागी काळ्या पाण्यात लांबच लांब लाल पायांचे काळे-पांढरे पक्षी चरत होते. शेकाट्या. मुलं खूश झाली, सकाळभरातले सगळ्यात देखणे पक्षी तेच होते. मला मात्र त्यांना एक गोष्ट सांगावी लागली. शेकाट्या चिखलातल्या अळ्या-किडे खातो. घाण पाण्यात हे किडे भरपूर होतात, म्हणून सांडपाण्याच्या जागीही तो मजेत राहतो. याउलट खंड्याला वरून मासा दिसावा लागतो, तेव्हाच तो सूर मारतो. पाणी गढूळ झालं, मासा मेला, की त्याचं दुकान बंद. म्हणून काठावर कोण बसलं आहे ते नीट पाहिलं की पाण्याची तब्येत थोडीफार कळते. पक्षी पुष्कळ आहेत म्हणजे नदी बरी आहे, असं समजू नये. कोणते पक्षी आहेत ते विचारावं.

आणि तिथंच, पाण्याच्या कडेला, केंदाळात अडकलेली एक गोणी दिसली. पांढरी, सिमेंटची, निळ्या नायलॉनच्या दोरीनं तोंड बांधलेली, एका अंगानं फाटलेली. मुलं काठीनं ओढू लागली. मी "नको, राहू दे" म्हणेपर्यंत ती बाहेर आली होती. फाटलेल्या जागेतून कागदाचा लगदा बाहेर पडला, आणि लगद्यात उर्दू अक्षरं. वरचे कागद विरघळून गेले होते, पण मधले काही अजून वाचता येत होते. एका मुलानं एक पान हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. "सर, हे तुमचं अक्षर."

होय, माझंच. रमजानच्या आधी शाळेतली कपाटं आवरताना मी स्वतः ती गोणी भरली होती. सिपाऱ्यांची फाटलेली पानं, दीनियातची जुनी पुस्तकं, बिस्मिल्लाह लिहिलेल्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका. बेअदबी होऊ नये, पायाखाली येऊ नये, रद्दीत जाऊ नये, म्हणून आपण ती 'थंड' करतो. वाहत्या पाण्यात सोडतो. माझे वडीलही असंच करायचे. मी गोणी एकाच्या स्कूटरवर देऊन पुलावरून सोडायला सांगितली आणि मनातून मोकळा झालो. अदब म्हणून सोडलेली ती पानं गटाराच्या पाण्यात, केंदाळाच्या मुळांत, प्लास्टिकच्या गोणीत इतके दिवस सडत पडली होती. आणि ती सापडली कुणाला, तर ज्यांना मी अदब शिकवतो त्या मुलांना.

कुणी काही बोलेना. ज्या मुलीची दादी आमच्यासोबत होती, तिनं चिखलानं भरलेले हात पुढं धरून विचारलं, "सर, हे पाणी पाक आहे का? या पाण्यानं वुजू होईल का?"

दादी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या लग्नाच्या वेळी हेच पाणी घागरीनं घरात यायचं. तुझे दादा जुम्म्याला याच घाटावर वुजू करून मशिदीत जायचे." मुलीनं पाण्याकडं बघितलं, मग दादीकडं. तिला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मुलांना जसा हुदहुद किश्शातला वाटला, तशीच दादींची नदीही.

मी मुलांना सांगितलं की मी मौलाना नाही, हा सवाल आपण इमामसाहेबांना विचारू. त्या रात्री इशानंतर विचारला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. म्हणाले, वाहतं पाणी मुळात पाक असतं. पण नजासत मिसळून पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तर ते पाणी पाक राहत नाही. मग थोडं थांबून त्यांनीच मला विचारलं, "मास्तर, मुलीला पाण्याचा वास आला होता का?" मी होय म्हटलं. "मग तिचं उत्तर तिला मिळालं आहे. आता उत्तर आपल्याला द्यायचं आहे."

वाचकहो, हा महिना मी त्याच उत्तराबरोबर काढला आहे. पाण्याजवळ, वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करण्यापासून आपल्याला किती सक्त शब्दांत रोखलं आहे, हे आपण मकतबमध्ये शिकलेलो असतो. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, ही तर बुखारी-मुस्लिममधली हदीस. ज्या दीनमध्ये नमाजेची सुरुवातच पाण्यापासून होते, त्या दीनच्या माणसांनी नदीच्या पाण्याबद्दल सगळ्यात आधी अस्वस्थ व्हायला हवं होतं. पण नदी म्हटलं की आपल्याला वाटतं, ते कुणा दुसऱ्याचं काम आहे. कारखान्यांचं, शहराच्या गटारांचं, सरकारचं. त्यांचा वाटा मोठा आहेच, आणि तो त्यांच्याकडं मागायलाच हवा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. ती दूषित पाण्याची साथ होती, आणि तिनं कुणाचा धर्म विचारला नाही. खाली शिरोळकडं तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्याचं कारण सोपं आहे: पाण्यात घाण वाढली की ती कुजवणारे जंतू वाढतात, ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरून वर येतात. पण मोठ्यांचा मोठा वाटा दाखवताना आपल्या हातातली गोणी लपत नाही. माझी गोणी कागदांची होती. बकरी ईदनंतर काही गोण्या वेगळ्या असतात. कोंबडीच्या पिसांच्या असतात, लग्नाच्या दावतीनंतरच्या पत्रावळ्यांच्या असतात. रात्री पुलावर गाडी थांबते, आवाज होतो, गाडी पुढं जाते. आपल्याला माहीत आहे.

या सगळ्यात मला डॉ. सलीम अली फार आठवले. मुंबईतल्या बोहरा कुटुंबातला आईवडील नसलेला मुलगा, १८९६ साली जन्मलेला. लहानपणी त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी मुसलमानाला खायला चालेल का, अशी शंका त्याला आली आणि तो मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडं गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड नावाच्या साहेबांकडं पाठवलं. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि कपाटं उघडून सोसायटीतले पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढं तोच मुलगा भारताच्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार झाला, १९७६ मध्ये पद्मविभूषण झाला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच त्या चिमणीवरून आहे. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, आणि १२ तारीख सलीम अलींच्या. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की सगळ्याची सुरुवात एका मुलाच्या हलाल-हरामच्या साध्या शंकेतून झाली, आणि घरातल्या मोठ्या माणसानं 'गप्प बस' न म्हणता त्याला योग्य दारात नेऊन उभं केलं. आपल्या घरातही मुलं असे सवाल विचारतात. त्यांना कोणत्या दारात नेतो आहोत, एवढंच बघायचं.

तुम्हीही जा. त्याला फार काही लागत नाही. फजरनंतर निघा, कारण ऊन वर आलं की पक्षी सावलीत जातात. भडक कपडे नकोत, मफलर हवा. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर दोन डोळे पुरतात. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका, घरट्याजवळ जाऊ नका. पिल्लं उचलून आणलेल्या साथीदारांना पैगंबर (स.) यांनी ती परत ठेवायला लावली होती, कारण पक्षीण तडफडत घिरट्या घालत होती. मोहोळाला दगड नाही. पाण्यात उतरू नका. कृष्णेत मगरी आहेतच, इकडंही त्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. लहान मुलांचा हात मोठ्यांच्या हातात असू द्या. एक वही ठेवा आणि प्रत्येक पक्ष्याचं नाव मराठीत आणि उर्दूत लिहा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आवर्जून न्या. नदी आधी कशी होती, हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

आता गोणीचं सांगतो. काठावरची ती पानं आम्ही उचलून आणली आणि शाळेच्या गच्चीवर वाळवली. इमामसाहेबांनी सांगितलं की अशी पानं स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथं कुणाचा पाय पडत नाही अशा पाक जमिनीत दफन करणं हाही अदबीचा मार्ग आहे. आमच्या शाळेत आता व्हरांड्यात एक लाकडी पेटी आहे. फाटलेली पानं तिच्यात जमा होतात. पुलावर काही जात नाही. मोहल्ल्यातल्या कोंबडीच्या दुकानदारांशीही बोललो. दोघांनी ऐकलं, एकानं "बघू" म्हटलं. त्याच्याकडं पुन्हा जाणार आहे.

पुढच्या रविवारी आम्ही ती पानं घेऊन कब्रस्तानात गेलो. परवानगी घेऊन भिंतीच्या कडेला कोपऱ्यात खड्डा खणला होता. मुलं माती लोटत होती. एवढ्यात पाच-सहा हातांवर, कडुनिंबाखालच्या कोरड्या गवतात, बदामी रंगाचा एक पक्षी उतरला. उतरताना त्याच्या डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला आणि मिटला. पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब बाकदार चोच. ती तो जमिनीत खुपसून अळ्या काढू लागला, जणू आम्ही तिथं नव्हतोच.

सगळे गप्प. ज्यानं वर्गाच्या दारात उभं राहून मला विचारलं होतं, तो मुलगा माझ्या शेजारी होता. हातातली माती तशीच धरून तो हळूच म्हणाला, "सर, हा उशिरा आला."

त्याच्या वहीत चौथी खूण झाली. खाली त्यानं पाचवी ओळ लिहिली आहे: पंचगंगेचं पाणी. तिच्यापुढची जागा अजून रिकामी आहे.

तुमच्या गावच्या नदीवर, ओढ्यावर, तळ्यावर या थंडीत काय दिसलं ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.